उजव्या बाजूची हळद

तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी एखाद दिवशी माणसाला इजा करील हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी केवळ ती पहिल्यापासून तशीच आहे म्हणून तुम्ही तिला हात लावलेला नाही? घाईनं उत्तर देऊ नका. गिझरपासून सुरुवात करा आणि सावकाश देवघरापर्यंत या.

हा प्रश्न माझा नाही. लखनौला विकास नगरमध्ये मी ज्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, त्या काकांचा आहे. ते तो कुणालाही विचारत. "भैया, आपके घर में ऐसी कौन सी चीज़ है," अशी त्यांनी सुरुवात केली की दूधवाला कॅन उचलून चालू लागायचा. वर्गणी मागायला आलेली पोरं वर्गणी न घेता परत जायची.

काका रेल्वेत इंजिनीअर होते. मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीनं देशभर फिरवलं आणि शेवटच्या बदलीनं लखनौला आणून सोडलं. निवृत्त झाल्यावर "आता पुन्हा सामान कोण बांधणार" म्हणून तिथेच राहिले. मी तिथं एका छोट्या संस्थेत कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहायचं काम करत होते. माझ्या वडलांनी आयुष्यभर तेच केलं होतं. घरात पाहुण्यांना बसायला जागा करायची तर आधी पत्रकांचे गठ्ठे हलवावे लागत. काकांना हे कळलं आणि माझं नाव कायमचं 'पत्रकवाली' पडलं.

खोली बघायला गेले तेव्हा काका मला दिसलेच नाहीत. दिसले ते त्यांचे पाय. घरापुढच्या पोर्चमध्ये एक बुटकी, बिनछपराची, गडद हिरवी गाडी मागच्या बाजूनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली होती, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

"कौन?" पायांनी विचारलं.

"काका, मी खोली बघायला आले."

"खोली बघायला आली."

मी थांबले. पायही थांबले.

"अगं, आता तू म्हणायचंस," खालून आवाज आला. "खोली बघायला आले."

"ते मी आधीच म्हटलं की."

"पण मी ऐकलं ते बरोबर ऐकलं, हे मला कसं कळणार?"

रेल्वेच्या इंजिनात दोन माणसं असतात. सिग्नल दिसला की एक जण मोठ्यानं त्याचा रंग सांगतो आणि दुसरा तोच रंग मोठ्यानं पुन्हा म्हणतो. दोघांचा रंग जुळला तर गाडी पुढे. काकांनी ही रीत निवृत्त होताना घरी आणली होती. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "भाजीत मीठ घातलं!" पोर्चमधून उत्तर जायचं, "भाजीत मीठ घातलं!" "गॅस बंद!" "गॅस बंद!" मला कामावर निघताना जिन्यावरून "पत्रकवाली निघाली!" असं ओरडावं लागे, आणि खालून तेच परत ऐकू आल्याशिवाय फाटकाबाहेर पडायची सोय नव्हती. शेजारच्या भाभीजींची बरेच दिवस समजूत होती की या मराठी घरात सकाळ-संध्याकाळ भांडण चालतं.

दुसरी रीत पिवळ्या रंगाची. एखादा बोल्ट ठरलेल्या ताकदीनं आवळला की काका त्याच्या डोक्यावर बारीक ब्रशनं पिवळ्या रंगाचा फटकारा मारत, खालच्या पत्र्यावर जरासा उतरेल असा. पिवळं असेल तर काम झालं. नसेल तर बाकी आहे. हे गाडीपुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण कुकरचा कान, पंख्याची दांडी, पलंगाचे स्क्रू, देवघरातल्या घंटेची कडी, सगळीकडे ते पिवळं होतं.

"आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही," ते सांगत. "आठवण खोटं बोलते, आणि तेही आपल्याला आवडेल असंच बोलते. खूण बघायची. मी हजार शपथा घेतल्या तरी खूण नसेल तर मला खोटारडा समजायचं."

तिसरी सवय छोट्या हातोडीची. पूर्वी रेल्वेची चाकं हातोडीनं ठोकून आवाजावरून तडा ओळखत. काकांच्या खिशात ती हातोडी कायम असे. टरबूज, माठ, भिंत, दुसऱ्याच्या घरचं टेबल, काहीही ठोकून ते मान तिरकी करून ऐकत. मराठी मंडळाचे अध्यक्ष, जानकीपुरमला राहणारे निवृत्त बँक अधिकारी, एकदा नवी कोरी मोटार दाखवायला आले. काकांनी चारही चाकं ठोकली आणि तिसऱ्यापाशी नुसतंच "हं" म्हणाले.

"हं म्हणजे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही. आवाज जरा बसलाय."

अध्यक्षांनी शोरूमपासून गल्लीतल्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना चाक दाखवलं. काहीही निघालं नाही. "त्या 'हं'नं माझी झोप उडवली," असं ते मंडळाच्या प्रत्येक बैठकीत सांगत. पण काकांकडे यायचे थांबले नाहीत. या दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे, कारण भांडायला मराठीत तेवढ्या ताकदीचं दुसरं माणूस गावात नव्हतं.

गाडीबद्दल माझं मत पहिल्याच आठवड्यात स्पष्ट होतं. काकांनी ती कानपूरच्या एका जुन्या गिरणीमालकाच्या वारसांकडून मोडकळीच्या अवस्थेत घेतली होती. विलायती, दोन माणसांची, पेट्रोल पिणारी. मी जिन्यात उभी राहून भाषण केलं. ज्या शहरात ई-रिक्षात सहा-सात माणसं कोंबून जातात, तिथं दोन माणसांसाठी एवढं यंत्र कशाला? आणि तेही गिरणीमालकाचं! कामगारांच्या घामावर चाललेली गाडी! तुम्हाला लाज वाटत नाही?

काका गाडीखालून सरपटत बाहेर आले, कपाळाचं ग्रीस पुसलं आणि म्हणाले, "वाटते. म्हणूनच दुरुस्त करतोय. मालकानं कधी खाली वाकून बघितलं नसणार. आतून फार वाईट अवस्था आहे."

"तिला काही नाव ठेवलंय का?" मी जरा खवचटपणेच विचारलं. जुन्या गाड्यांचे षौकीन नावं ठेवतात, हे मला माहीत होतं.

"छे. यंत्राला नाव दिलं की त्याचे दोष पोटात घालावे लागतात. ती सवलत घरच्यांसाठी राखून ठेवावी."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "ऐका! कोण बोलतंय बघा!"

यावर काका पुन्हा गाडीखाली गेले. या घरात काहीतरी अडलेलं आहे, हे मला तेव्हा कळलं.

काय अडलं होतं, ते सांगण्याआधी गाडीच्या पोटात थोडं शिरावं लागेल. घाबरू नका, मलाही काही येत नव्हतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध गिअरचा एक डबा असतो. त्यातून डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन दांड्या चाकांपर्यंत जातात. हे एक्सल. चाक खड्ड्यात उतरलं, उंचवट्यावर चढलं की डब्यापासूनचं त्याचं अंतर बदलतं, म्हणून दांडीला लांब-आखूड व्हावं लागतं. या गाडीत त्यासाठी दांडीचे दोन तुकडे केले होते. एकाला बाहेरून दाते, दुसऱ्याला आतून दाते, आणि एक दुसऱ्यात सरकणार. आता गंमत अशी की इंजिनानं जोर लावला की हे दाते एकमेकांना घट्ट धरून बसत आणि सरकायचं विसरत. वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती पकड एकदम सुटे, आणि गाडीचा मागचा भाग झटक्यानं बाजूला सरके. नवी असतानाही हा दोष थोडा होताच. दाते झिजल्यावर तो भयंकर झाला होता.

मी राहायला येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात काका-काकू या गाडीतून कुर्सी रोडला भाजी आणायला गेले होते. येताना वळणावर काकांनी पाय काढला आणि काकू म्हणाल्या, "अहो, गाडी मागून सरकली."

"भास होतोय तुला," काका म्हणाले.

पुढच्या वळणावर त्या पुन्हा म्हणाल्या, "आत्ता परत सरकली."

"वारा लागतो उघड्या गाडीत. तुला भास होतोय."

पुढच्या चौकात काकू भाजीची पिशवी घेऊन उतरल्या आणि ई-रिक्षानं घरी आल्या. त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नव्हत्या. सिग्नलचा रंग दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय गाडी पुढे न नेणाऱ्या रेल्वेत तीस वर्षं काढलेला माणूस! शेजारच्या सीटवरून दोनदा सिग्नल मिळाला, आणि त्यानं तो ओलांडला.

नंतर काकांनी एक्सल उघडले तेव्हा त्यांना झिजलेले दाते दिसले. आपली चूक त्यांना तिथल्या तिथे कळली. पुढे त्यांनी काय केलं? दात्यांची गोष्ट मला सांगितली. अध्यक्षांना सांगितली, दूधवाल्याला सांगितली, बंगळूरला असलेल्या मुलाला फोनवर सांगितली. मुलगा म्हणाला, "पापा, बेच दो ना यार." फक्त काकूंना सांगितली नाही. मला दाते दाखवत होते तेव्हा काकू चहाचे कप घेऊन पाठीशीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, कप ठेवले आणि आत गेल्या.

मी त्यांच्या मागे गेले. "काकू, आता नवे एक्सल बसतायत. मग बसाल ना गाडीत?"

"गाडीचं काय गं, ती होईलच दुरुस्त. ती ऐकते त्यांचं," काकू पोळी लाटत म्हणाल्या. "मला भास झाला नव्हता, एवढं एकदा म्हणावं माणसानं. मग एक्सल जुना असला तरी बसेन."

हे एवढंच होतं. काकांना वाटत होतं, एक्सल बदलले की काकू शेजारी येऊन बसतील. आणि काकूंना एक्सल नकोच होता, एक वाक्य हवं होतं. दोघंही दुसऱ्याची वाट बघत होती. मी काकांना एकदा सरळ सांगितलंही.

"मी बोलून दाखवणारा माणूस नाही, पत्रकवाली. करून दाखवणारा आहे," ते म्हणाले.

"भाजीतलं मीठ बोलून दाखवता की!"

"ते कामाचं बोलणं असतं."

अध्यक्षांचा विरोध वेगळ्या कारणानं होता. ते 'ओरिजिनल'वाले. गाडी कारखान्यातून आली तशीच राहिली पाहिजे, नाहीतर तिला किंमत नाही. ते दर रविवारी येऊन खुर्ची टाकून बसत आणि काकांच्या पायांशी वाद घालत.

"मूळ एक्सल काढलेत म्हणजे गाडीचा आत्माच काढलात, इंजिनीअरसाहेब."

"आत्मा एक्सलमध्ये असता तर रेल्वेनं वर्कशॉपांच्या जागी देवळं बांधली असती."

"जुन्या गाड्यांच्या रॅलीत कुणी उभं करणार नाही तुम्हाला."

"न करू देत. मला गाडी उभी करायची नाही, चालवायची आहे."

इथं मी काकांच्या बाजूनं उतरले, आणि उतरले ती पूर्ण ताकदीनं. जे माणसाला धोक्यात घालतं, ते मूळचं असलं म्हणून पवित्र होत नाही, हे मी अध्यक्षांना तावातावानं सांगितलं. ज्यानं ती दांडी बनवली, त्यानं त्या वेळी जमेल तसं केलं; आज त्याहून चांगलं जमतं; मग न बदलणं ही निष्ठा कशी, हा आळस. अध्यक्ष काकूंना म्हणाले, "वहिनी, तुमच्या भाडेकरूला जरा थंड पन्हं द्या." काकूंनी पन्हं दिलं. अध्यक्षांना नाही, मला.

नवे एक्सल तयार व्हायला पावसाळा गेला. सरकणाऱ्या दात्यांच्या जागी आता सीव्ही जॉइंट येणार होते, हल्लीच्या गाड्यांत असतात तसे. वाटीसारख्या खोबणीत पोलादी गोळ्या, आणि दांडी लांब-आखूड होताना त्या गोळ्या घरंगळतात. "घासणारं अडतं, घरंगळणारं अडत नाही," काका सांगत. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या चकत्या तालकटोऱ्याच्या खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, कातून आणल्या. पहिल्या जोडीला काकांनी हातोडी लावली, मान तिरकी केली आणि "हं" म्हणाले. खरादवाला दुकान सोडून बाहेर आला. "इंजीनियर साहब, ये 'हं' आप घर जाकर कीजिए, यहाँ बाक़ी ग्राहक सुन रहे हैं." जॉइंटमध्ये काळं ग्रीस भरून त्यावर धूळ अडवायला रबराचे घड्या पडलेले बूट चढवले तेव्हा काका इतके खूष झाले, की ते चिकट हात तसेच घेऊन आत गेले आणि दाराला, पडद्याला, फ्रिजला, सगळीकडे आनंद पसरवून आले.

दिवस ठरला होता. दसऱ्याला, सीमोल्लंघनाला गाडी बाहेर काढायची. गावाची हद्द ओलांडून यायचं, आणि मग सोनं वाटायचं. लखनौला आपट्याची पानं सहज मिळत नाहीत, म्हणून तिथली मराठी माणसं कचनारची पानं वापरतात. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पानं तशीच जोडीदार. काकांनी सगळ्या मंडळाला आमंत्रण दिलं होतं, आणि काकू शेजारी बसणार असं परस्पर जाहीरही केलं होतं. काकूंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. सीटवर नवी उशी आली, तिच्याकडेही त्यांनी बघितलं नाही.

आदल्या दिवशी खंडेनवमी. मी कामासाठी कानपूरला गेले होते, त्यामुळे पुढचं मी दोघांकडून ऐकलेलं आहे, आणि या बाबतीत मात्र दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं. गाडी घोड्यांवर होती, चाकं काढलेली. एक्सल जागेवर बसले होते. काकांनी डाव्या बाजूचे बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेली ताकद लागली की वाजणाऱ्या पान्यानं, आवळून पिवळे केले. उजवीचे नुसते हातानं बसवले होते. तेवढ्यात काकू पाट, फुलं आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या.

"हत्यारं द्या पूजेला."

"अगं, एक बाजू राहिलीय. हा रेंच तेवढा राहू दे."

"राहू दे म्हणजे? मुख्य हत्यार तेच ना?"

तो रेंच मुख्य हत्यार आहे, असं तेच जगाला सांगत आले होते. रेंच पाटावर गेला. आणि एकदा पूजेला लागलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हे साताऱ्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. काका हात धुऊन आत गेले. मागे राहून काकूंनी गाडीचीही पूजा केली.

दसऱ्याला मी परतले तेव्हा पोर्च माणसांनी भरला होता. गाडी चाकांवर उभी होती, पुढे झेंडूचा हार, खाली रांगोळी. काकांनी नवा झब्बा घातला होता आणि खिशात हातोडी असल्यामुळे तो एका बाजूला लोंबत होता. मंडळातल्या बायका काकूंना "बसा हो, एवढ्या हौसेनं म्हणतायत" म्हणून गळ घालत होत्या.

"वहिनी बसल्या नाहीत तर मी बसतो," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही बसलात तर नव्याहून नवे एक्सल लागतील," काका म्हणाले.

मग काकांनी निघण्याआधीची तपासणी सुरू केली. वर्तमानपत्र पसरून ते गाडीच्या मागे आडवे झाले. अध्यक्षांनी, कुरकुरत का होईना, टॉर्च धरला.

"डावी बाजू पिवळी!" काका ओरडले.

"डावी बाजू पिवळी!" सगळा पोर्च एका सुरात ओरडला. लहान मुलांना तर हा खेळ फारच आवडला.

"उजवी बाजू पिवळी!"

"उजवी बाजू पिवळी!"

काका उठले, झब्बा झटकला, गाडीत बसले आणि किल्लीला हात घातला. काकू ओवाळायचं ताट घेऊन दारातून बाहेर येत होत्या. त्या पायरीवरच थांबल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"उजवी बाजू पिवळी नाही."

लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, टॉर्च मीच धरला होता. चांगली पिवळीधमक आहे. काहीतरी वाटतंय तुम्हाला."

"आणि ओवाळायच्या वेळी थांबा म्हणू नये हो," मागून एक बाई म्हणाल्या.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या काकांकडे बघत होत्या. "उतरा," त्या म्हणाल्या. "कारण मग सांगते. आधी उतरा."

काकांचा हात किल्लीवर होता. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी खूण पाहिली होती. साऱ्या गावानं ती मोठ्यानं म्हटली होती. त्यांच्या सगळ्या नियमांप्रमाणे गाडी निघायला हवी होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तो जुना शब्द ओठांवर येतोय की काय, असं मला वाटलं.

काकांनी किल्ली काढली आणि खाली उतरले.

तेव्हा कुठे काकूंनी ताट खाली ठेवलं. "ती हळद आहे. काल पूजेत मी लावली. डावीकडे तुमचं पिवळं होतं, आणि उजवी अगदी बोडकी दिसत होती. म्हटलं, तिनं काय पाप केलंय? बोटानं एकेकाला लावली."

काका पुन्हा आडवे झाले. हात लांबवून त्यांनी उजवीच्या एका बोल्टवरून अंगठा फिरवला आणि बाहेर काढून बघितला. अंगठा पिवळा झाला होता. मग त्यांनी दोन बोटांत बोल्ट धरला, आणि तो फिरला. पाना न लावता, बाटलीचं झाकण फिरावं तसा. कुर्सी रोडवर वेगात असताना ती दांडी सुटून रस्त्यावर आपटली असती तर काय झालं असतं, हे तिथं फक्त काकांना पूर्ण कळत होतं.

"सकाळी मला आठवत होतं, उजवी राहिलीय," ते खालूनच म्हणाले. "वाकून बघितलं तर पिवळं. म्हटलं, आठवण खोटं बोलतेय."

मग ते उठले. झब्ब्याच्या पाठीवर वर्तमानपत्राची शाई उमटली होती. ते ताठ उभे राहिले आणि सिग्नल सांगायच्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं ओरडले:

"मागच्या हिवाळ्यात गाडी सरकली होती! हिला भास झाला नव्हता! मी चुकलो होतो!"

पोर्चमधले सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणाला काही कळेना. काका वाट बघत उभे.

"अरे, म्हणा की!" ते वैतागून म्हणाले.

आणि मग सगळा पोर्च, मुलं, बायका, गच्चीवरून बघणाऱ्या, मराठी न कळणाऱ्या भाभीजीसुद्धा, जमेल तसं ओरडले, "गाडी सरकली होती! हिला भास झाला नव्हता! मी चुकलो होतो!"

त्यात अध्यक्षांचाही आवाज होता. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं त्यांच्या दंडाला हात लावला. "शेवटचं पुन्हा एकदा म्हणा हो," त्या म्हणाल्या. "जरा सावकाश."

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की काय, ते त्यांनी दिसू दिलं नाही. "एवढं ओरडायला सांगितलं नव्हतं कुणी," त्या म्हणाल्या. "सगळी गल्ली जागी केली. आता आवळा ते आधी. पुऱ्या गार होतायत."

काकांनी गाडी पुन्हा घोड्यांवर चढवली, हळद पुसली आणि बोल्ट आवळले. प्रत्येक वेळी टॉर्क रेंच 'कट्' वाजला. पिवळा रंग लावल्यावर काकूंनी स्वतः वाकून एका बोल्टवर बोट फिरवलं आणि वास घेऊन बघितला. मग चपला काढून, नऊवारी सावरत, उशी बाजूला सारून त्या गाडीत बसल्या. उशी त्यांनी माझ्या हातात दिली. "बोचते," म्हणाल्या.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा समोरून एका ठेल्यावर रावणाची दहा तोंडं मैदानाकडे चालली होती. ठेलेवाल्यानं गाडीसाठी बाजू दिली, आणि काकूंनी त्याला मोठ्या रुबाबात हात केला.

ती दोघं बऱ्याच उशिरानं, कचनारच्या फांद्यांनी गाडी भरून परत आली. वळणावर काकांनी मुद्दाम पाय काढून बघितला होता, आणि मागं काहीही झालं नव्हतं. अध्यक्षांनी गाडीला चक्कर मारली, 'ओरिजिनल'बद्दल चकार शब्द काढला नाही, आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

मी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजनेत राहते. काकूंनी नुकताच फोन करून सांगितलं की ती दोघं नैमिषारण्याला त्याच गाडीतून जाऊन आली.

माझ्या वडलांनी मला शिकवलं होतं की पत्रक मागणीशिवाय संपवू नये. माझी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या शेजारी बसणारं माणूस "थांबा" म्हणालं तर आधी थांबा, कारण नंतर विचारा. आणि ज्याला पूर्वी कधी "तुला भास होतोय" म्हणून गप्प बसवलंत आणि पुढे त्याचंच खरं निघालं, त्याला आज समोर बोलवा. ते तुमच्या घरातलंच आहे आणि कोण ते तुम्हाला आत्ता आठवलेलं आहे. चार माणसांत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मी चुकलो होतो" म्हणा. दुरुस्ती काय करायची ती त्यानंतर करा.